नकाशापासून आकाशापर्यंत : डॉ. विष्णू माधव घाटगे

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या बाजूला रसायनीची कारखानदारी आणि मधून जाणारा पनवेल-रोहा लोहमार्ग. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेलच्या मुलखाला विमान ही आता दूरची वस्तू राहिलेली नाही. आपट्यासारख्या गावातील एखादा शाळकरी मुलगा या विमानांकडे पाहता पाहता स्वतःच एक छोटे विमान करण्याचा ध्यास घेईल, तर त्याला प्रथम लागतो तो नकाशा.

नकाशा मोठ्या कागदावर उतरवायचा, त्यावरून पंखाच्या फासळ्यांचे साचे कापायचे, हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून सांगाडा उभा करायचा, वर कागदाचे किंवा पातळ पत्र्यासारख्या प्लॅस्टिकचे आवरण ताणून बसवायचे. मग मोटार, पंखा आणि रेडिओ संदेश पकडणारे यंत्र. एवढे झाल्यावरही दोन बोटांवर विमान तोलून त्याचा गुरुत्वमध्य नेमका कोठे पडतो ते पाहावे लागते. तो नकाशात दाखविलेल्या जागेच्या मागे गेला, तर हातून सुटलेले विमान नाक वर करते, क्षणभर थबकते आणि कोसळते. मुलगा नकाशाप्रमाणे वागला, तर विमान उडते. पण हा नकाशा काढला कोणी? गुरुत्वमध्य येथेच हवा, शेपूट एवढीच मोठी हवी, पंख एवढाच वर झुकलेला हवा, हे ठरविले कोणी?

स्वतंत्र भारतापुढे हाच प्रश्न मोठ्या आकारात उभा होता. दुसऱ्याच्या नकाशावरून विमाने जुळविणारा देश व्हायचे, की स्वतःचा नकाशा काढणारा? या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले, त्यांत एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. ते नाव म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात, हसूरचंपू या लहानशा खेड्यात झाला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. भारताच्या भूमीवरून विमान उडाले ते १९१० मध्ये. कोल्हापूरच्या दक्षिणेकडील त्या डोंगराळ टापूत जन्मलेले मूल पुढे विमाने रचील, असे भाकीत करण्यास त्या काळी कोणतेही कारण नव्हते. गणित आणि भौतिकशास्त्राची वाट धरून ते मुंबईला आले आणि मुंबई विद्यापीठाची विज्ञानातील पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली.

१९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले. भारतीय माणूस विमान चालवू शकतो, हे सिद्ध झाले. परंतु ते विमान इंग्लंडमध्ये तयार झालेले होते. विमान चालविणे आणि विमान रचणे यांत फार मोठे अंतर असते आणि ते अंतर कापण्याचे शिक्षण भारतात कोठेही मिळत नव्हते.

ते मिळविण्यासाठी १९३३ मध्ये घाटगे जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेले. वायुगतिशास्त्राची ती काशीच होती. लुडविग प्रांट्ल हे तेथील अध्वर्यू. वाहत्या हवेचा एक अगदी पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि त्या थराच्या वर्तनावर पंखाला होणारा विरोध अवलंबून असतो, हा सिद्धान्त त्यांनी १९०४ मध्ये मांडला होता. पंखाला मिळणारी उचल गणिताने कशी काढावी, याची रीतही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. त्यांच्यापूर्वी विमान रचणे ही बव्हंशी कारागिराची कला होती. प्रांट्ल आणि त्यांच्या शिष्यांनी तिला शास्त्राचे अधिष्ठान दिले.

या शास्त्रातील एक धडा नमुने बनविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. लहान नमुना उत्तम उडाला म्हणजे तोच दहापट मोठा केल्यावर तसाच उडेल, असे नाही. आकार आणि वेग बदलला की हवेच्या चिकटपणाचा प्रभाव बदलतो आणि लहान पंखावर हवा जेथे सुटते तेथेच ती मोठ्या पंखावर सुटत नाही. म्हणून वातबोगद्यात टांगलेल्या नमुन्याची मापे घेऊन त्यावरून खऱ्या विमानाचे अनुमान बांधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. गॉटिंगेनच्या वातबोगद्यांची ख्याती याच कौशल्यामुळे होती.

घाटगे तेथे पोहोचले ते वर्षही विलक्षण होते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी मॅक्स बॉर्न, जेम्स फ्रँक, रिचर्ड कूरांट यांसारख्या थोर ज्यू प्राध्यापकांना गॉटिंगेन सोडावे लागले. जगातील एक अग्रगण्य विद्यापीठ डोळ्यांदेखत रिते होत असताना कोल्हापूरकडील हा तरुण तेथे अभ्यास करीत होता. १९३६ मध्ये प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पदवी घेऊन ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या विद्येला येथे जागा नव्हती. देशात विमानांचा एकही कारखाना नव्हता. ज्याला पंखाची उचल काढता येते, पण ज्याच्यासमोर पंखच नाही, अशा माणसाने करावे काय? त्यांनी अध्यापन पत्करले. वरवर पाहता ती वर्षे प्रतीक्षेची होती. परंतु विद्या गंजू न देता संधीची वाट पाहणे हीही एक साधनाच असते.

ती संधी आणली एका उद्योजकाने. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे रेल्वेमार्ग, बोगदे, साखर, जहाजे अशा एकाहून एक अवघड उद्योगांत हात घालणारे गृहस्थ होते. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होता. असा कारखाना भारतात का नको, हा विचार वालचंदांच्या मनात रुजला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदविली गेली. डॉ. घाटगे या कंपनीत आले आणि त्यांच्या विद्येला प्रथमच कर्मभूमी लाभली.

कारखान्याचे पहिले काम परक्या नकाशांवरचेच होते. ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो हे अमेरिकी शिकाऊ विमान तेथे जुळवून उडविण्यात आले. पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान बाहेर पडले. सुटे भाग पेट्यांतून यायचे, नकाशे सोबत यायचे आणि येथील कारागीर ते बसवायचे. यात हीनपणा काहीच नव्हता. रिव्हेट कसा ठोकावा, पत्रा कसा वाकवावा, मोजमापात केसाएवढीही चूक का चालत नाही, हे शिकण्याचा तोच मार्ग होता. मुलगाही पहिले विमान दुसऱ्याच्या नकाशावरूनच करतो.

पण घाटगे तेवढ्यावर थांबणारे नव्हते. १९४१ मध्येच त्यांनी आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी दहा जणांना वाहून नेणाऱ्या एका ग्लायडरचे आरेखन केले. त्याला ‘जी-१’ असे साधेच नाव होते. ग्लायडर म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान. त्यात रचनाकाराला लपायला जागा नसते. इंजिन जबर असेल, तर रचनेतील उणिवा काही काळ झाकल्या जातात. ग्लायडरला मात्र केवळ पंखाच्या घाटावर आणि तोलावर तरंगावे लागते. जी-१ चे उत्पादन झाले नाही, एकच ग्लायडर तयार झाला. तरीही त्याचे मोल मोठे आहे. येथील माणसांनी स्वतः काढलेल्या नकाशावरून येथे विमान तयार होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

एवढ्यात महायुद्धाने कारखान्याचे रूप पालटले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ पासून कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीचे केंद्र बनला. नव्या रचनांना तेथे वाव उरला नाही. त्याच काळात, १९४२ च्या अखेरीस, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत घाटगे यांचा मोलाचा वाटा होता. एकट्याने विमान होत नाही, त्यासाठी पिढी घडवावी लागते, हे त्यांनी गॉटिंगेनमध्ये पाहिले होते.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलासमोर पहिली गरज उभी राहिली ती शिकाऊ विमानाची. जुनी टायगर मॉथ विमाने दोन पंखांची आणि कापडी आवरणाची होती. त्यांचा काळ संपत आला होता. पर्सिव्हल प्रेंटिस हे ब्रिटिश विमान बंगळूरमध्ये परवान्यावर तयार होऊ लागले होते. म्हणजे पुन्हा परकाच नकाशा. अशा वेळी घाटगे यांच्या पथकाकडे संपूर्ण भारतीय आरेखनाचे शिकाऊ विमान तयार करण्याचे काम आले. त्याचे नाव ‘एचटी-२’.

शिकाऊ विमान म्हणजे सोपे विमान, असा सर्वसामान्य समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. लढाऊ विमान निष्णात वैमानिकाच्या हाती असते. शिकाऊ विमान पहिल्यांदाच दांडा धरणाऱ्या विशीतील पोराच्या हाती द्यायचे असते. त्याने वेग गमावला, तर विमानाने आधी इशारा दिला पाहिजे. गिरक्या घेत ते खाली येऊ लागले, तर ठरलेल्या हालचालींनी सावरले पाहिजे. आदळत उतरले, तरी चाके मोडता कामा नयेत. शिवाय ते फार सोशिकही नको, कारण चुकीची जाणीव न देणारे विमान चांगला वैमानिक घडवीत नाही. हा सारा समतोल शेपटीच्या आकारात, पंखाच्या झुकावात आणि गुरुत्वमध्याच्या जागेत साधावा लागतो. चूक झाली तर तिची किंमत कागदावर नव्हे, माणसाच्या प्राणाने मोजावी लागते.

एचटी-२ हे एकाच पंखाचे, पूर्ण धातूचे विमान होते. पंख खालच्या बाजूस, चाके न मिटणारी, शिकणारा आणि शिकविणारा एकामागे एक बसलेले. दोन्ही पंखांची मिळून लांबी पावणेअकरा मीटरच्या आसपास आणि वजन भरलेल्या स्थितीत सुमारे एक टन. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम आकाशात नेले. त्या क्षणी घाटगे बेचाळीस वर्षांचे होते. गॉटिंगेन सोडून पंधरा वर्षे झाली होती. इतकी वर्षे सांभाळलेली विद्या धावपट्टीवरून उचलली गेली.

पहिल्या नमुन्याला लागलेले इंजिन ब्रिटिश होते, पुढील विमानांनाही परदेशीच इंजिने लागली. ही उणीव घाटगे यांनाही ठाऊक असणारच. परंतु विमानाची संपूर्ण रचना भारतीय होती आणि ती टिकली. दीडशेहून अधिक एचटी-२ विमाने तयार झाली. हवाई दलाने आणि फ्लाइंग क्लबांनी ती वापरली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नव्याने स्वतंत्र झालेल्या घाना देशाच्या हवाई दलालाही ही विमाने देण्यात आली. भारतीय हवाई दलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आकाशाचा पहिला धडा याच विमानात गिरविला आणि इंजिन बदलून ते १९८० च्या दशकापर्यंत कामावर राहिले.

एचटी-२ नंतर घाटगे यांच्या आरेखन विभागातून विमानांची मालिकाच बाहेर पडू लागली. सप्टेंबर १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठीचे ‘पुष्पक’ उडाले. ते बरेचसे एका अमेरिकी हलक्या विमानाच्या धर्तीवर होते. उपयुक्त नकाशा तयार असेल, तर त्यावर आपले काम करण्यात कमीपणा मानायचा नाही, हा व्यवहार त्यामागे होता. पुढच्या वर्षी लष्कराच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ आले.

याच सुमारास, १९५६ मध्ये, एक वेगळीच कसोटी समोर आली. ध्वनीच्या वेगाच्या पलीकडे जाणारे लढाऊ विमान भारतात रचण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी कुर्ट टँक हे नामांकित जर्मन विमानरचनाकार बंगळूरला आले. आपल्याच विभागात परदेशी तज्ज्ञ येऊन प्रमुख व्हावा, हे अनेकांना रुचले नसते. घाटगे यांचे जर्मन शिक्षण येथे उपयोगी पडले आणि भारतीय अभियंत्यांची फळी टँक यांच्यासोबत उभी राहिली. एवढे वेगवान विमान रचण्याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता. म्हणून प्रथम त्याच आकाराचा, संपूर्ण लाकडी ग्लायडर तयार करण्यात आला. १९५९ मध्ये डाकोटा विमानामागे दोर बांधून तो उंच नेण्यात आला आणि मोकळा सोडण्यात आला. सुकाणू, पंखाच्या झडपा, उतरतानाचे वर्तन, सारे इंजिनाविना तपासून पाहण्यात आले. हवेत उडणारा तो एक नमुनाच होता. फरक एवढाच, की त्याला रेडिओ नव्हे, आत बसलेला जिवंत वैमानिक चालवीत होता.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी हे विमान, ‘मारुत’, प्रथम उडविले. त्याची बांधणी उत्तम होती. परंतु तिला साजेल असे इंजिन कधीच मिळाले नाही. ज्या शक्तिशाली ब्रिटिश इंजिनावर सारी भिस्त होती त्याचा विकासच थांबला आणि मारुतला कमी ताकदीच्या इंजिनावर दिवस काढावे लागले. १९७१ च्या युद्धात या विमानांनी चांगली कामगिरी केली, तरी ज्या वेगासाठी त्यांची रचना झाली होती तो त्यांच्या वाट्याला आला नाही. नकाशा आपला असला, तरी इंजिन दुसऱ्याच्या हाती असेल, तर स्वावलंबन अर्धेच राहते, हा मारुतचा धडा आजही जुना झालेला नाही.

४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ या जेट शिकाऊ विमानाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या आरेखनात राज महिंद्रा यांच्यासारखे पुढच्या फळीचे अभियंते आघाडीवर होते. घाटगे यांनी रुजविलेली परंपरा आता दुसऱ्या पिढीच्या हाती गेली होती. याच किरण विमानांवर १९९६ मध्ये ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले आणि त्याच्या कसरतींनी देशभरातील लाखो प्रेक्षकांना खिळवून ठेवले. त्या प्रेक्षकांत घाटगे हे नाव माहीत असलेले किती असतील, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी मूळ कंपनीचे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रूपांतर झाले. १९६५ मध्ये भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

वैमानिकाला प्रसिद्धी मिळते, कारण तो दिसतो. विमान रचणारा दिसत नाही. त्याचे कर्तृत्व फासळीच्या वक्रतेत, सांध्याच्या जाडीत, न घडलेल्या अपघातांत दडलेले असते. एचटी-२ मधून सुखरूप उतरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागे त्या नकाशाची पुण्याई होती. ती कोणी मोजली नाही, मोजण्याजोगीही नव्हती.

घाटगे यांच्या पश्चात काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. एचटी-२ ची जागा पुढे बंगळूरच्याच ‘दीपक’ या विमानाने घेतली. अपघातांमुळे २००९ मध्ये दीपक जमिनीवर आणावे लागले आणि ज्या देशाने १९५१ मध्ये स्वतःचे शिकाऊ विमान उडविले होते, त्याला २०१२ मध्ये स्वित्झर्लंडकडून पिलाटस विमाने घ्यावी लागली. आरेखनाची परंपरा एकदा कमावली म्हणजे कायमची राहते, असे नव्हे. ती रोज सरावाने राखावी लागते. खंड पडला, तर वाट पुन्हा आरंभापासून चालावी लागते. ती वाट पुन्हा धरली गेली. ३१ मे २०१६ रोजी ‘एचटीटी-४०’ हे नवे भारतीय शिकाऊ विमान उडाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या उत्पादनाची साखळी नाशिक येथेही सुरू करण्यात आली. एचटी-२ च्या या वारसदाराची बांधणी महाराष्ट्रात व्हावी, यात एक औचित्य आहे.

हसूरचंपूहून निघालेली वाट गॉटिंगेनमार्गे बंगळूरला गेली, ती आपट्यावरूनही जाऊ शकते. पाताळगंगेच्या काठी एखादा मुलगा नकाशावर वाकून फासळ्या कापीत असेल, तर त्याने त्या काळजीपूर्वक कापाव्यात. पहिले विमान दुसऱ्याच्या नकाशावरून करावे, निःसंकोच करावे. ते कोसळले, तर का कोसळले याचा शोध घ्यावा, गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा. आणि एके दिवशी, नकाशातील प्रत्येक रेघ का ओढली आहे हे उमगू लागल्यावर, कोरा कागद पुढ्यात घ्यावा. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे खरे स्मारक त्या कोऱ्या कागदावर उमटणाऱ्या पहिल्या रेघेतच असेल.